टायटॅनियमची पहिली चक्कर

(रविवार सकाळ. कोल्हापुरातल्या एका घराचा सोपा, म्हणजे पुढची ओसरी. श्रुती, तिचे निवृत्त पोस्टमन वडील केरबा आणि आई आक्काताई. पोत्यावर नवी सायकल उलटी ठेवलेली, चाकं वर.)

श्रुती : आबा, खरं सांगा. तेल फक्त चेनलाच घातलंत ना?

केरबा : चेनला घातलं, पायडलला घातलं, चाकाच्या मधी घातलं. अर्धवट काम करायची सवय न्हाय मला.

श्रुती : आणि ही गोल चकती? ही का एवढी चमकतीय?

केरबा : तिलाच तर मुख्य घातलं की! तीच वरडत हुती.

श्रुती : अहो, तो ब्रेक आहे!

केरबा : आसंल. पण आता हूं का चूं न्हाय. फिरवून बघ चाक.

श्रुती : ब्रेकला तेल कोण घालतं?

केरबा : ब्रेक रबराचा आसतोय, चाकाच्या कडंला. मला शिकवू नगंस. जन्मभर सायकलवर टपाल वाटलं. रविवार आला की सायकल उलटी करायची, पुसायची, तेल द्यायचं. एकदा वाटंत बसली न्हाय ती.

श्रुती : ती सायकल वेगळी. हिला डिस्क आहे, मोटारसायकलला असते तशी. पॅडनी ही चकती आवळली की थांबते. आता तेलावर काय आवळणार? थांबणारच नाही ही!

केरबा : मग पूस की फडक्यानं.

श्रुती : पुसून काय होतंय? स्पिरिटनं पुसली, साबणानं धुतली तर चकती होईल साफ, पण पॅड तेल प्यायलेत. ते गेले कामातनं.

आक्काताई : मी सांगत हुतो ह्यांना, पोरीच्या नव्या वस्तूला हात लावू नगा. तर माझ्याच शिलाई मशीनचं तेल घेऊन बसलं. नको तितं शानपत!

केरबा : तू झोपलीवतीस की. म्हनं सांगत हुतो!

श्रुती : पॅड पुण्याहून मागवायचे. म्हणजे आठवडा गेला. सायकलच्या ग्रुपमधले सगळे निघाले पन्हाळ्याला. अनुजाचा फोन येऊन गेला, घाटाखाली वाघबीळला माझी वाट बघत थांबलीय ती. काय सांगू तिला? आमच्या आबांनी ब्रेकला तेल पाजलं?

केरबा : बरं न्हाय म्हणून सांग.

श्रुती : मी कशाला खोटं बोलू? दिवाळीपासून वाट बघतेय मी हिची! काल खोकं आल्यापासून गल्लीतला एक माणूस राहिला नाही हिला हात लावायचा. एक विचारतो, रंग कधी देणार. दुसरा म्हणतो, स्टँड दिला नाही, फसवलं तुला. सगळं ऐकून घेतलं. म्हटलं, एकदा घाटाला लागू दे मला.

आक्काताई : पण रंग द्यायला पायजे हुता बनवणाऱ्यानं. तेलाच्या डब्याच्या पत्र्यावानी दिसतीया.

श्रुती : आई, टायटॅनियमला रंग लागत नाही! गंजतच नाही ते.

केरबा : हलकी बी लई हाय. आन खड्ड्यातनं गेली तरी हाताला हादरा न्हाय.

श्रुती : काय म्हणालात?

केरबा : कुठं काय.

श्रुती : खड्ड्यातनं गेली?

केरबा : म्हंजे... गेली तर बसणार न्हाय, आसं.

श्रुती : आबा, उभी सायकल ओरडत नाही. ब्रेक ओरडतो हे कसं कळलं तुम्हाला?

आक्काताई : अवो, बोला की आता. तोंड शिवलं काय?

केरबा : कोपऱ्यापतोर गेलतो.

आक्काताई : कुठला कोपरा? आपला गवळी कृष्णात दूध घालाय आला तवा सांगून गेला मला. रंकाळ्यावर बघितलं त्यानं तुमाला.

श्रुती : रंकाळ्यावर?

केरबा : एकच चक्कर मारली.

श्रुती : आख्ख्या तळ्याला? मी अजून बसले पण नाही हिच्यावर! काल जोडून झाली, म्हटलं सकाळी घाटाच्या वाटेवरच पहिल्यांदा बसायचं. आणि तुम्ही चपला घालून चक्कर मारून आलात?

केरबा : अनवाणी गेलतो. नव्या सायकलला कोण चप्पल लावंल?

श्रुती : पडला असता म्हणजे? गुडघे बघा तुमचे!

केरबा : तेच सांगतोय, गुडघं दुखलंच न्हाईत. पोस्टाची सायकल मला बुटकी पडायची. गुडघं हँडलला घासायचं. हिच्यावर टांग टाकली आन पाय बरुबर पोचला की. मनात म्हणलं, माझं माप कुणी पाठवलं पुण्याला?

आक्काताई : ती तुमच्यावरच गेलीया. आखूड धड आन लांब टांगा. हिचा ड्रेस शिवताना माझं डोस्कं फिरायचं.

श्रुती : म्हणून तर पुण्याहून माझ्या मापानं करून घेतली ना, आई! दुकानातली एकही बसत नव्हती मला. मान धरायची, हाताला मुंग्या यायच्या. पहिल्यांदा एक वस्तू मला बघून केलेली मिळाली... जाऊ दे. कुणाला काय सांगायचं.

आक्काताई : चा घे. मला वंदनेला विहारात जायचं हाय, आन तुमचं बापलेकीचं हे चाललंय.

श्रुती : नको मला चहा.

केरबा : मी जातो की उद्या यष्टीनं पुण्याला. घेऊन येतो पॅड.

श्रुती : काही आणू नका. काही करू नका. पाया पडते तुमच्या, फक्त हात लावू नका. कुलूप घालणार आहे मी हिला.

केरबा : घाल.

श्रुती : आणि असं तोंड पाडून बसू नका.

केरबा : मी कुठं काय म्हणलं.

श्रुती : ...कशी चालते?

केरबा : आं?

श्रुती : सायकल. कशी चालते?

केरबा : गप चालती गं. रंकाळ्यावर कोण न्हवतं. पायडल मारायचं थांबलो तरी आपली पळतीयाच. दोनदा वाकून बघितलं मी, खाली सायकल हाय का न्हाय.

श्रुती : हे मी सांगणार होते, आबा. पन्हाळ्याहून आल्यावर, इथंच पायरीवर बसून. घरात दुसऱ्या कुणाला कळणार होतं ते? घाटात काय काय होईल ते सगळं तुमच्यासाठी लक्षात ठेवून आणणार होते. आता काय सांगू? तुम्हाला सगळं माहीतच झालं.

आक्काताई : घ्या. रडवलं पोरीला.

केरबा : पुढच्या रविवारी सांग की. मी बसलोच न्हवतो, आसं धरून ऐकतो.