निकमबाईंनी सोडलेलं पाणी

मंडळी, खालच्या आळीतून आलेल्या आयाबायांनो, आणि शैला पोरी,

बोलायला उभं केलंत खरं, पण तोंड उघडवत नाही. निकमबाई गेल्या. मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला. आपल्या गल्लीनं तो शिकून घेतला नाही.

आपली ही देवीची विहीर. दुष्काळाच्या साली निम्मा सातारा रिकाम्या घागरी घेऊन फिरत होता, आणि आपली विहीर भरलेली. आपण तिची ओटी भरली. पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून खरूज झालेली पोरं पार खंडाळ्याहून आणून तिथं न्हाऊ घातली. लय मिरवलं आपण.

बाई मात्र काठावर बसून विचार करायच्या. मी शाळा अर्धवट सोडलेला शिंपी, पण मला शेजारी बसवून समजावायच्या. म्हणायच्या, तात्या, पाऊसच नाही तर डोंगरातून झिरपणार काय? आणि हा वास औषधाचा नाही, नळाच्या टाकीत पावडर टाकतात तिचा आहे. नळ बंद राहिला की त्या दोरीला दगड बांधून विहिरीत सोडायच्या. पाणी उतरलेलं असायचं. नळ सुटला की पुन्हा चढायचं. वरच्या अंगाचा जुना खापरी नळ फुटलाय, त्याचंच पाणी मुरून आपल्याकडं येतंय, असा त्यांचा अंदाज. विहिरीतलं एरवी निम्मंअधिक पाणी त्या नळाचं, दुष्काळात जवळजवळ सगळंच.

आणि तो नळ पुढं कुठं जातो? खालच्या आळीत. तिथं तोटीला करंगळीएवढी धार.

नळ दुरुस्त करू या, म्हणून बाई आपल्याला सांगायला आल्या. आपल्यातलाच एकजण म्हणाला, "बाई, भूगोल पोरींना शिकवा, देवीला नको." पोट धरून हसलो आपण. खणायला माणसं आली, तर देवीची जागा म्हणून आडवे झालो. एकदा नाही, दर वेळी.

तेव्हापासून बाईंनी हे पाणी सोडलं. केस पांढरे झालेली बाई, घागर घेऊन खालच्या आळीच्या रांगेत उभी राहायची. आपण खिडकीतून बघायचो.

आणि परवा बाईंना शेवटची अंघोळ घालायची वेळ आली. आपल्या बायका विहिरीच्या बादल्या भरून आल्या. बाईंच्या लेकीनं, शैलानं, दारातच हात आडवा केला. तेवढ्यात खालच्या आळीतल्या हौसाक्का डोक्यावर घागर घेऊन आल्या. म्हणाल्या, "आज रांगंत बाईंचा नंबर हुता. ही त्येंचीच घागर हाय."

मग एकेक बाई आली. कुणाचा तांब्या, कुणाची कळशी. ज्यांच्या घरी प्यायला पुरत नाही, त्यांच्या पाण्यानं बाई न्हाल्या. आपण भरल्या बादल्या धरून उभे. त्या बादल्या ठेवायच्या कुठं, तेही सुचेना.

बाईंचे गुण मी आज गाणार नाही. कुठल्या तोंडानं गाऊ? एवढंच सांगतो. नळ दुरुस्त झाला की आपली विहीर उतरेल. उन्हाळ्यात तळही दिसेल. मग आपणही रांगेत उभं राहायचं, हौसाक्कांच्या मागं.

आता बाईंसाठी उठून उभे राहू. ज्याला नळाची दुरुस्ती नको असेल, त्यानं ही शांतता खुशाल मोडावी. कुणी मोडली नाही, तर उद्या कुदळीच्या आड कुणी यायचं नाही.

उठा मंडळी.