जिन्यावरची उडी

(डॅन्यूबकाठचं रुसे शहर. दुपार. इस्पितळात खोलीबाहेरच्या बाकावर दोघीजणी: वेनेता, आत पलंगावर असलेल्या झोर्नित्साची आई, आणि नेव्हेनाबाई, झोर्नित्साला जिम्नॅस्टिक्स शिकवणाऱ्या.)

वेनेता : नाही नाही, बाई, माफी मलाच मागू द्या. सोफियातली स्पर्धा तोंडावर आलीय, आणि माझ्या कार्टीला जिन्यावरून उड्या मारायच्या सुचतात! तुमचा पाचजणींचा संघ, आता चौघी काय रिबनी हलवणार?

नेव्हेनाबाई : जिन्यावरून?

वेनेता : तुमच्या हॉलबाहेरच्या पायऱ्या हो. शेवटच्या दोन-तीन एकदम उतरायला गेली. तिनंच सांगितलं. चौदा वर्षांची घोडी झाली, पण अक्कल अजून गुडघ्यात! आणि आता तो गुडघाही गेला.

नेव्हेनाबाई : डॉक्टर काय म्हणाले?

वेनेता : वाटी जागेवर बसवलीय. आतून फाटलंय म्हणे. सूज उतरली की ऑपरेशनचं बघू म्हणतात. आणि म्हणाले, हिचे सगळेच सांधे सैल आहेत. कोपर उलटं वळवून बघितलं, अंगठा मनगटाला टेकवून बघितला. मी म्हटलं, अहो, हे तर आमच्या बाईंनी पहिल्याच दिवशी बघितलं होतं! आठवतं ना? एवढीशी होती. तुम्ही म्हणालात, ही हाडं नव्हेत, द्राक्षाची वेल आहे. बेकरीत माझ्याकडे पाव घ्यायला येईल त्याला मी ते सांगत सुटले होते.

नेव्हेनाबाई : म्हणाले होते खरी.

वेनेता : हे घ्या, आंबट चेरीचा मुरांबा. नाही म्हणायचं नाही. आणि पुढची काळजी सोडा. धाकटी कालिना आहे ना, ती तर हिच्यापेक्षा वाकते. पाय मानेमागे टाकून टीव्ही बघते! सोमवारीच आणून सोडते तुमच्याकडे.

नेव्हेनाबाई : आणू नकोस.

वेनेता : रागावलात. बरोबरच आहे तुमचं.

नेव्हेनाबाई : वेनेता, ती बरणी खाली ठेव. बस अशी. जिन्यावर कुणी पडलं नाही.

वेनेता : म्हणजे?

नेव्हेनाबाई : शनिवारी मी तिला दोन खुर्च्यांवर ताणत होते. एक पाय या खुर्चीवर, एक त्या, मध्ये ती अधांतरी. वरून खांदे मीच दाबले. उठताना म्हणाली, बाई, वाटी सरकली, मग आपोआप बसली. मी म्हटलं, पट्टी बांध घट्ट आणि उभी राहा. मंगळवारी एका पायावर गिरकी घेत होती. पाऊल तिथंच राहिलं, ती फिरली.

वेनेता : पण ती तर मला...

नेव्हेनाबाई : खोटं बोलली. खरं कळलं असतं तर तू तिला परत पाठवली असतीस?

वेनेता : तुम्हाला कळत नव्हतं, बाई? एवढी वर्षं मुली शिकवताय.

नेव्हेनाबाई : कळत होतं. सैल सांध्याला आणखी ताणायचं नसतं, त्याच्याभोवतीचे स्नायू आधी भक्कम करायचे असतात. पण त्याला वर्षं जातात गं. आणि वाकणारी पोर पहिल्या दिवशीच डोळ्यांत भरते. परीक्षकांच्याही.

वेनेता : रुग्णवाहिकेतून तिच्याबरोबर तुमच्या सरावाची ती पियानोवाली आली. मी म्हटलं, बाई कुठायत? तर ती खाली बघायला लागली.

नेव्हेनाबाई : मी मागे थांबले. बाकीच्या चौघी होत्या.

वेनेता : घाबरल्या होत्या म्हणून?

नेव्हेनाबाई : त्याही घाबरल्या होत्या. पण मी सराव पुरा केला.

वेनेता : मी तिच्या थोबाडीत मारली, बाई.

नेव्हेनाबाई : कधी?

वेनेता : त्याच संध्याकाळी. इथं, पलंगावर. वाटी नुकती बसवली होती, पोरगी पांढरीफटक पडलेली. जिन्याचं ऐकलं आणि हात उठला माझा. वर म्हटलं, निदान बाईंची तरी लाज ठेवायचीस. तरी तिनं जिन्याचंच धरून ठेवलं.

नेव्हेनाबाई : ती थप्पड माझ्या वाटणीची होती.

वेनेता : होतीच. चला आत. तिच्यासमोर बोला.

झोर्नित्सा : (आत, पलंगावरून) बाई! आई, बाईंना खुर्ची दे ना. मी बरी आहे, बाई, लवकरच...

वेनेता : झोरी, बाईंनी सांगितलं मला सगळं.

झोर्नित्सा : काय सांगितलं? ...बाई! का सांगितलंत? आता ही मला कधीच सोडणार नाही तिकडे.

नेव्हेनाबाई : सोडू नयेच तिनं. माझ्याकडे तर नाहीच.

झोर्नित्सा : मी पट्टी बांधेन. दोन बांधेन.

नेव्हेनाबाई : पट्टीनं काही होत नाही. ते मी तुला उगाच सांगितलं. डॉक्टर मांडीचे, कमरेचे व्यायाम देतील. कंटाळा येईल, टाळ्या वाजवायला कुणी नसेल. तरी तेवढेच करायचे. ताणायचं नाही.

झोर्नित्सा : पण मला वाकण्याशिवाय काय येतं?

नेव्हेनाबाई : हे मीच भरवलंय तुझ्या डोक्यात.

झोर्नित्सा : माझ्या जागी कोण उभं राहणार? कालिना?

वेनेता : कालिना घरी राहील. सरक जरा, बसू दे मला. ...त्या दिवशी गालावर फार लागलं का गं?

झोर्नित्सा : छे. तू पिठाच्या हातानं मारतेस, लागतच नाही.

वेनेता : आणि गुडघा?

झोर्नित्सा : थोडासा.

वेनेता : झोरी.

झोर्नित्सा : खूप दुखतो. शनिवारपासनं दुखतोय. मी सांगितलं होतं, आई. बाईंना सांगितलं होतं मी.

नेव्हेनाबाई : हो, पोरी. सांगितलं होतंस.