शंभरी नेमकी कुणाची?

...आणि वर तोंड करून म्हणतात, कागद खोटं बोलत नाही! अहो, जिवंत माणूस चौकातल्या बाकावर बसलाय, कान शाबूत, दात चार का होईना पण स्वतःचे, जिभेचं तर विचारूच नका, आणि त्याची माहिती काढायला तुम्ही कपाटं उपसता? त्याला विचारा ना!

माफ करा, आधी माफीच मागायची होती, ती राहिली. हे मी लिहून आणलंय. तोंडानं बोलायला लागलो की चौथ्या वाक्याला माझे कान लाल होतात आणि पाचवं वाक्य घशातच बसून राहतं. शाळा लवकर सोडली, बापाला ऑलिव्हच्या बागेत माणूस कमी पडत होता. त्यामुळे कुठलं अक्षर एकदा लिहायचं आणि कुठलं जोडून, ते अजून नीट कळत नाही. शब्द साधे आहेत, सांभाळून घ्या.

तर झालं काय, आमच्या नोन्नोंना, म्हणजे आजोबांना, मे महिन्यात शंभर वर्षं पूर्ण व्हायची होती. आख्ख्या रोक्काव्हेंतोत गडबड! आमचं गाव तुम्हाला सांगतो, आता निम्मं कुलपात आहे. पोरं गेली तोरिनोला, जर्मनीला, आणि मांजरं राहिली. अशा गावात शंभरीचा माणूस म्हणजे केवढी मोठी गोष्ट! सिन्दाको, म्हणजे आमचे नगराध्यक्ष, छातीवर तिरंगी पट्टा घालून भाषण करणार, खालच्या गावाचा बँड येणार, तीन मजली केक... आणि नेमक्या त्याच आठवड्यात आर्जेंटिनाहून उतरली त्सिया नेलिदा.

नोन्नोंचा थोरला भाऊ जेसुआल्दो, तो तरणा असताना बोटीत बसून आर्जेंटिनाला गेला आणि तिकडचाच झाला. ही त्याची नात. नात्यानं माझी बहीण, पण वय साठीच्या पुढं, म्हणून मी आपली त्सिया, म्हणजे आत्या, म्हणतो. आली ती बसमधून उतरतानाच ओरडत, "मी तुमचं रक्त आहे!" बसचा ड्रायव्हर घाबरला ना! पिशवीतून तिनं एक भला मोठा गुंडाळलेला कागद काढला. त्यावर झाड काढलेलं. फांद्याच फांद्या, आणि फांदीफांदीवर रिकामे चौकोन.

"हे आपलं घराणं," ती म्हणाली. "माझा नोन्नो मरेपर्यंत या गावाबद्दल बोलायचा, पण नावं सांगताना त्याला रडू यायचं, मग राहूनच जायचं. आता हे चौकोन आपण दोघांनी भरायचे. तू आणि मी."

मी म्हणालो, "त्सिया, नोन्नो तिथं बाकावर बसलेत, त्यांना विचारू."

"छे छे! म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीवर कोण विसंबतं? मला शिक्का पाहिजे!"

आता मला नाही म्हणता येत नाही, हा माझा जन्माचा रोग. घातली तिला माझ्या टमटममध्ये, झाड मांडीवर, आणि नेली नगरपालिकेत.

नगरपालिकेत नोंदींच्या खिडकीवर सिन्योरा ऑर्नेल्ला. तिला आख्खं गाव ओळखतं. आम्ही खिडकीपुढं उभे. ती आत बसून नखं बघतेय.

"खिडकी बंद आहे."

"पण तुम्ही तर बसलाय," त्सिया म्हणाली.

"मी बसलेय. खिडकी बंद आहे."

कॉफी पिऊन या म्हणाली, आम्ही गेलो, तर आमच्या शेजारी येऊन तीच कॉफी पितेय! शेवटी उघडली. "कुणाची नोंद पाहिजे?" मी म्हणालो, "रोसालबिनो." "कुठला रोसालबिनो?" आता आली का पंचाईत! आमच्याकडे पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव आणि दुसऱ्याला आईच्या बापाचं, यात देवाचंसुद्धा चालत नाही. नोन्नो दुसरे, म्हणून त्यांना आईच्या बापाचं, रोसालबिनो. पुढं नोन्नोंच्या पाच मुलांना एकेक पहिला मुलगा झाला, ते पाचही रोसालबिनो, त्यातला सगळ्यात धाकटा मी. नोन्ना, म्हणजे आजी, जिवंत होती तेव्हा खिडकीतून "रोसालबिनोऽऽ" म्हणून हाक मारायची, पाच पोरं पाच गल्ल्यांतून धावत यायची, आणि पाचांनाही एकेक चापट बसायची. कुणी काय केलं ते विचारायची पद्धतच नव्हती. नंतर पाचांनाही गरम पाव आणि त्यावर तेल मिळायचं, तेही न विचारता. आज तिनं हाक मारली तर मी एकटाच पोचेन. चापट खायलासुद्धा माणसं उरली नाहीत हो...

कुठं होतो? हां, ऑर्नेल्ला. तिनं नोन्नोंची नोंद काढली. बापाचं नाव व्हितालियानो, आईचं ओर्तेन्सिया, मुलगा रोसालबिनो, मे महिना, शंभर वर्षांपूर्वी. शिक्का! त्सियानं तो चौकोन भरताना जीभ बाहेर काढली होती, पहिलीतल्या पोरीसारखी. मी म्हणालो, झालं ना? जिवंत माणूस बाकावर बसलाय, चला आता त्याला भेटू. तर म्हणाली, "आता देऊळ!"

म्हणजे चर्च. आमचे दॉन लिबेरातो चार गावांचे मिळून एक पाद्री, नेहमी धापा टाकतच भेटतात. बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या सणाच्या दिव्यांच्या माळांखाली गाडलेल्या. माळा सोडवता सोडवता आम्हा तिघांचे हात अडकले, दॉन लिबेरातो देवाची क्षमा मागत मागत शिव्या देत होते. मग त्यांनी चष्मा पुसला आणि लॅटिन वाचायला लागले, आम्हाला कळेल असं करून.

"हा बघा... रोसालबिनो, व्हितालियानोचा मुलगा, मे महिन्यात बाप्तिस्मा. बरोबर आहे. शंभर वर्षं. छान! हं... हे काय... द्राक्षतोडणीचे दिवस... रोसालबिनो, व्हितालियानोचा मुलगा, वय दीड वर्ष, तापानं..." आणि थांबले.

"तापानं काय?" त्सिया म्हणाली.

दॉन लिबेरातोंनी चष्मा काढला, परत घातला. "तापानं गेला. पुरला म्हणून लिहिलंय."

"पुरला? मग बाकावर कोण बसलंय?"

त्यांनी पान उलटलं. त्याच हिवाळ्यात, जानेवारीत, परत बाप्तिस्मा. रोसालबिनो, व्हितालियानोचा मुलगा.

मग उलगडलं. पहिलं लेकरू गेलं, पण आईच्या बापाचं नाव असं वाऱ्यावर थोडंच सोडतात? पुढचा मुलगा झाला, त्याला तेच नाव. पाद्री गावातच होता, त्यानं सगळं लिहिलं, मरण आणि दोन्ही जन्म. पण तेव्हा नगरपालिका होती नदीपलीकडे. एक लेकरू गेल्याचं सांगायला पणजोबा गेलेच नाहीत, कुणाच्या तोंडून निघतं ते? आणि दुसरा झाला तेव्हा नदीला पूर, आणि त्यांनी विचार केला असणार, रोसालबिनो व्हितालियानोचा, हे तर तिथं लिहिलेलंच आहे, तेच परत सांगायला कशाला जायचं! आमच्याच घराण्यात सुचावं असं डोकं हो हे!

त्सियानं बोटांवर हिशेब केला. "म्हणजे ते अठ्ठ्याण्णवचे आहेत."

"मी काही वाचलेलं नाही," दॉन लिबेरातो घाईघाईनं म्हणाले. "माझा चष्मा जुना आहे. केक सांगून झालाय. बिशपांचं आशीर्वादाचं पत्र आलंय!"

"पण झाडावर खरं लिहायला नको?" त्सियाला रडू यायला लागलं. "आणि त्या लेकराला चौकोनच नाही हो माझ्याकडे! मी जागाच सोडली नाही त्याच्यासाठी..."

आता बघा, शंभरी रविवारी. आख्खं गाव, जर्मनीहून येणारे भाऊ, सगळे नोन्नोंसाठी एकदा गोळा होणार, कदाचित शेवटचे. ते मोडायचं? आणि नाही मोडलं तर त्यांना खोट्या शंभरीचा केक भरवायचा? दोघांनी माझ्याकडे बघितलं. "तू घरचा आहेस. तूच सांग त्यांना." मी! ज्याला बारमध्ये दुसरी कॉफी मागायला लाज वाटते, तो मी!

रस्ताभर मी वाक्यं जुळवली. टमटममधल्या आरशाला सांगून बघितली. नोन्नो बाकावर वाटाण्याच्या शेंगा सोलत होते, निम्मे वाटाणे भांड्यात, निम्मे तोंडात. मी शेजारी बसलो. कान लाल.

"नोन्नो, तुम्ही... म्हणजे तुमचं वय... ते नदीला पूर आला होता ना..."

"वहीत सापडला का तुला?" नोन्नो म्हणाले.

"कोण?"

"माझा भाऊ रे. दुसरा कोण?"

घ्या! मी म्हणत नव्हतो? जिवंत माणूस बाकावर बसलाय, त्याला विचारा ना! शिक्के काय, माळा काय, लॅटिन काय! म्हातारा सगळं जाणून होता!

"मला सैन्याचं बोलावणं आलं," नोन्नो म्हणाले, "तेव्हा आईनं सांगितलं. मी अठराचा, कागदावर विसाचा. म्हणाली, जा, त्याच्या वाटचं बोलावणं आहे, तो नाही तर तू जा. मी रागावलो होतो तिच्यावर. नाव त्याचं, वाढदिवस त्याचा, मग माझं काय आहे म्हटलं या घरात? तर म्हणाली, तू आहेस ना. तो नाही." त्यांनी एक शेंग सोलली आणि हातातच धरली. "मग राग गेला. तेव्हापासून मेमध्ये तुम्ही सगळे मला शुभेच्छा देता, मी त्या त्याला पोचवतो."

मला आठवलं हो! दर वर्षी वाढदिवसाला नोन्नो दुपारी कुठंतरी गायब व्हायचे आणि नोन्ना म्हणायची, जाऊ द्या रे, त्यांना वय झालेलं आवडत नाही. आणि आम्ही पाच रोसालबिनो हसायचो.

"मग रविवारचं काय करू? सिन्दाकोला सांगू? बंद करू?"

"बंद?" नोन्नो एवढ्या जोरानं म्हणाले की भांडं उलटलं. "अरे गाढवा, शंभर त्याला होतायत ना! दीड वर्षाचं लेकरू गेलं, तेव्हा घरात साखर नव्हती. त्याला केक मिळणार तो एकदाच मिळणार, आणि तू बंद करतोस? तीन मजली आहे ना नक्की?"

"तीन मजली."

"मग गप्प बस. आणि वाटाणे गोळा कर."

रविवारी झालं, अगदी धूमधडाक्यात झालं. सिन्दाकोचं भाषण कुणाला ऐकू आलं नाही, बँडवाले आधीच सुरू झाले. चारही भाऊ आले होते, जाडे झालेत. तेवढ्या दिवसापुरती कुलपं उघडली, गल्लीत परत टोमॅटोच्या रश्शाचा वास, पोरांची रडारड, खिडक्यांतून हाका... मला वाटलं, डोळे मिटले तर नोन्नाची चापट बसेल.

मग नोन्नो उभे राहिले. हातात वाईनचा पेला. म्हणाले, "रोसालबिनोच्या नावानं! त्याला शंभर वर्षं झाली!"

सगळा चौक हसला. म्हातारा स्वतःलाच शुभेच्छा देतोय! चारही भावांनी पेले उंचावले, नाव तर त्यांचंही तेच ना! दॉन लिबेरातो चष्मा पुसत राहिले. त्सिया नेलिदानं झाडाचा कागद टेबलावर पसरला, नोन्नोंच्या चौकोनाला चिकटून एक इवलासा चौकोन काढला आणि त्यात तेच नाव लिहिलं. आणि केकची पहिली फोड नोन्नोंनी खाल्ली नाही. समोर ठेवून नुसते बघत बसले, बराच वेळ. ते काय बघतायत ते त्या गर्दीत आम्हा तिघांनाच कळत होतं. माझे कान लाल झाले नाहीत, डोळे झाले.

इथंच संपायला हवं होतं ना? छान होतं. पण नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात आलो तर नोन्नो कोट-टोपी घालून माझ्या टमटममध्ये बसलेले.

"चल नगरपालिकेत."

"आता कशाला?"

"त्याचे शंभर झाले. सगळं मिळालं त्याला, तो मोकळा. आता माझं नाव लिहायचं."

जिवंत माणूस टमटममध्ये बसलाय, त्याला नाही कसं म्हणणार? नेलं. ऑर्नेल्लानं खिडकी उघडली, चक्क उघडली.

"काय काम?"

"जन्माची नोंद," मी म्हणालो.

"अय्या, अभिनंदन! मुलगा की मुलगी?"

"मुलगा."

"कुठाय बाळ?"

नोन्नोंनी टोपी काढली.

ऑर्नेल्लानं सगळं ऐकून घेतलं, मी पहिल्यांदाच पाचवं वाक्यसुद्धा बोललो. मग ती म्हणाली, "सिन्योर रोसालबिनो, जन्माची खबर दहा दिवसांत द्यायची असते."

"पूर होता," नोन्नो म्हणाले.

"आणि ती बापानं स्वतः येऊन द्यायला लागते."

नोन्नोंनी थोडा विचार केला. "बरं. आता फार दिवस नाहीत, भेट होईल आमची. भेटला की पाठवून देतो. तू तेवढी खिडकी उघडी ठेव."

ऑर्नेल्लानं मान डोलावली आणि म्हणाली, "पाठवा. फक्त मंगळवारी नको, मंगळवारी बंद असतं."

काय करणार? नोन्नो म्हणाले, मंगळवार सोडून, लिहून घे. घेतलं लिहून.