उन्हेऱ्याच्या कुंडातला पाठ चोळनारा

चहा ओत, आनि गरम पान्याच्या कुंडाचं कवतिक मला सांगू नकोस.

स्वराज्य आलं त्या साली हिवाळ्यात मी बापसाला बैलगाडीत घालून पनवेलहून पालीजवळच्या उन्हेऱ्याला नेला. मिठागरात उभा राहून राहून त्याचे पाय गेले होते. उचलूनच कुंडात बसवला. तिथं रिवाज हाय, शेजाऱ्यानं तुमची पाठ चोळली की तुमी त्याची चोळायची. पन त्या दिवशी वाफ दाट आनि पान्यात बापूस एकटाच. मी पायरीवर.

तर हा म्हनतो, "जोरात चोळ रे. हात किती गार तुझे!"

"बाबा, कोनाशी बोलतोस?"

"आंधळा झालास काय? ह्यो बसलाय ना माझ्या मागं!"

मागं कोनी नव्हतं. पन पाठीवर बोटांचे लाल वळ उठत होते. मी पायरीवरनंच ओरडलो,

"बाबा, भायेर निघ!"

"गप! कोनाचे उपकार ठेवायचे नाय. वळ रे पावन्या, आता तुझी पाठ."

त्यानं वाफेत हात घातला, चाचपला, परत चाचपला. मग हळूच म्हनाला, "अरे, तुला पाठच नाय!"

आनि दिवाळीपासून अंथरुनाला खिळलेला मानूस पायऱ्या चढून जो धावत सुटला, तो पालीच्या गनपतीपुढंच थांबला. मी गाडी घेऊन मागं.