मिठाच्या पाण्यातला शर्ट

रसायनशास्त्राच्या शिक्षकाची जागा एकच होती आणि बाकावर उमेदवार दोन. दुसऱ्या उमेदवाराला खरं तर मनातल्या मनात उजळणी करायची होती; पण शेजारी पहिला उमेदवार आणि त्याची मावशी बोलत होते, तेव्हा कान तिकडेच.

“मावशी, शर्ट पाठीला चिकटतोय गं.”

“रात्रभर दोरीवर होता की!”

“त्याच दोरीवरचा रुमाल कडकडीत वाळला.”

“रुमालाला कुठे मीठ होतं? नव्या शर्टाचा रंग जाऊ नये म्हणून शेवटच्या पाण्यात चांगलं चार मुठी टाकलं मी.”

“आणि तसाच पिळून वाळत घातलास?”

“मग? परत धुऊन रंग घालवू?”

“अगं, पाण्यात मीठ विरघळलं की त्याची वाफ कमी होते. ते पाणी लवकर उडत नाही.”

“हे तुला आधी माहीत होतं?”

“काल तोच धडा वाचत होतो.”

“म्हणजे मी मीठ ओतताना समोर बसून वाचत होतास!”

“मोठ्यानं वाचत होतो.”

शिपायाने पहिल्या उमेदवाराला हाक मारली.

“गेली माझी नोकरी, मावशी.”

“जा गुमान. आणि हे मिठाचं विचारलंच, तर तोंडाची वाफ दवडू नकोस. सरळ पाठ दाखव.”

दार लागलं. थोड्या वेळाने आत खुर्च्या सरकल्या आणि कुणीतरी म्हणालं, “अहो, खरंच ओला आहे की! मॅडम, तुम्हीही हात लावून बघा.”

मावशीने दुसऱ्या उमेदवाराला खालीवर न्याहाळलं.

“तुमचा मात्र छान वाळलाय हो,” ती हळहळली.