ताईनं विणलेलं लुरिक

अहो, फॉरेनच्या वस्तू म्हटलं की आमचे काका नुसते हपापलेले असायचे. पंच्याण्णवच्या सुमारास ताई जावाहून नाशिकला आली, तर काका पंचवटीतून रिक्षा करून हजर.

ताईनं त्यांच्या हातात पट्ट्यापट्ट्यांचं जाडसर सुती कापड ठेवलं. "तिकडे याला लुरिक म्हणतात, काका. छान सदरा होईल."

काकांनी उलटंपालटं करून पाहिलं. "लेबल दिसत नाही कुठं."

"लेबल कसलं? शेजारच्या आजींनी मला हातमाग शिकवला. हे मीच विणलंय, तुमच्यासाठी."

"तू विणलंस? मग हे फॉरेनचं कुठं झालं?" त्यांनी कापड तिच्या मांडीवर परत ठेवलं. "त्यापेक्षा विमानातला साबण असेल तर दे."

ताईनं साबण काढून दिला. तो हुंगत काका खुशीत घरी गेले.