तापलेला पत्रा

— फुलं? माझ्यासाठी? अहो जावईबापू, लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या वाढदिवसाला कधी एक पाकळी आणली नाहीत, आणि आज तुमच्या यानाचा कागद माझ्या सहीवाचून अडलाय तर थेट गुच्छ! साहेबांनी पाठवलं ना? पाठवणारच. जावयाचा शब्द सासूला मोडवणार नाही — हुशार माणूस! बसा, बसा.

काय म्हणता, चाचणी पास झाली? झाली की! चाचणीच्या थरथरत्या टेबलावर यान गदागदा हलवलं, एक स्क्रू ढिला झाला नाही, सगळ्यांनी टाळ्या पिटल्या — मीही पिटल्या. पण थंडगार होतं हो ते! तुम्ही वरून परत हवेत घुसाल तेव्हा बाहेर भट्टी पेटलेली असणार. ओव्हनमधला ट्रे तापला की टक्कन वाकतो, ऐकलंय ना? नाही, तुम्ही कशाला ओव्हनजवळ जाल! तसाच तुमच्या पाठीमागचा पत्रा — तापला की सैल पडणार, सैल पडला की त्याची थरथर मंदावणार, आणि हवेचे दणके नेमके त्याच तालात बसले की मग तो तुटेस्तोवर हलणार. थरथरीचा अंदाज बांधायलाच ठेवलंय मला इथे, टाळ्या पिटायला नाही.

अंदाज चुकूही शकतो? अगं बाई, हेही पढवून पाठवलंय! चुकतो की. एक बरा आकडा येतो, एक वाईट. दर वेळी मी मधला धरते, आजवर सगळे सुखरूप उतरलेत. या वेळी वाईट धरला. — का म्हणजे? काळजी म्हणून! दुसरं कोणी बसणार असतं तरी मी वाईटच... हो, वाईटच धरला असता. धरला असता ना?... असं बघू नका माझ्याकडे.

पत्रा जाड करा, तापवून हलवा, मग सही. तोवर तुमची उड्डाणाची वयोमर्यादा उलटेल, कळतं मला. आयुष्यभर याच्यासाठी राबलात, तेही कळतं. घाला शिव्या, धरा अबोला. फक्त दर रविवारी घरी या, फुगून बसा, एक शब्द न बोलता जेवा आणि जा. मला चालेल.

उठा आता. आणि ती फुलं घेऊन जा — माझ्या लेकीला द्या. तिला तरी कधी आणलीत?